अम्माच्या विड्या, माझे चार्ट

२० मार्च २०२० च्या रात्री मी पुण्याहून एसटीनं सोलापूरला निघाले, मांडीवर ऑफिसचा लॅपटॉप आणि पाठीवर सॅक. त्याच दिवशी पुण्यातली ऑफिसं ३१ मार्चपर्यंत बंद ठेवायचं जाहीर झालं होतं. टीम लीडनं सांगितलं होतं दहा दिवसांचं आहे, रूमवर थांबा नाहीतर गावी जा, फक्त नेट चांगलं पाहिजे. म्हणून दोनच ड्रेस घेतले होते. त्यानंतर हिंजवडीच्या त्या ऑफिसात मी परत गेले ती एकदाच, जून २०२२ मध्ये, लॅपटॉप आणि आयडी कार्ड जमा करायला.

मी मेडिकल कोडर आहे. बीएस्सी मायक्रोबायोलॉजी केलं, मग पुण्यात कोर्स, मग सीपीसीची, म्हणजे मेडिकल कोडरच्या सर्टिफिकेटची, परीक्षा. काम काय तर अमेरिकेतल्या हॉस्पिटलात पेशंट येऊन गेला की डॉक्टरनं लिहिलेला रिपोर्ट आमच्याकडे येतो, तो वाचायचा आणि आजाराला आयसीडीचा कोड, उपचाराला सीपीटीचा कोड लावायचा, त्यावरून तिकडे इन्शुरन्सचं बिल होतं. अशा एका रिपोर्टला आम्ही चार्ट म्हणतो. मी इमर्जन्सी डिपार्टमेंटचे चार्ट करायचे, तासाला १४ चं टार्गेट आणि अचूकता ९५ टक्क्यांच्या वर पाहिजे.

आमचं घर विडी घरकुलात. हे नाव सोलापूरबाहेर कुणाला सांगितलं की लोक दोनदा विचारतात, पण ते खरंच विडी कामगारांसाठी झालेल्या घरांचंच नाव आहे. घरात तेलुगू बोलतो, शाळा मराठीत झाली, म्हणून इथे अम्माचं बोलणं मराठीतच लिहितेय. नान्ना, म्हणजे वडील, यंत्रमागावर टॉवेल काढायचे. आणि अम्मा, मला आठवतं तेव्हापासून, दाराजवळच्या उजेडात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. माझ्या शिक्षणाला विडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती होती, केंद्राच्या लेबर खात्याची, दरवर्षी तिच्या विडी कार्डाची झेरॉक्स जोडून फॉर्म भरायचा. तेव्हा हे कार्ड म्हणजे फक्त झेरॉक्स मारायची वस्तू वाटायची. त्याचा अर्थ मला कळला बत्तीसाव्या वर्षी, तोही स्वतःच्या नोकरीचे कागद हातातून गेल्यावर.

तर दोन खोल्या, माणसं चार (धाकटा भाऊ पण कॉलेज बंद म्हणून घरीच), आणि कंपनीची मेल आली की काम करताना स्क्रीन दुसऱ्या कुणाला दिसता कामा नये, जवळ कागद पेन नको, मोबाईल नको, असं लिहून सही करून पाठवा. अमेरिकेतला हिपा कायदा आहे पेशंटची माहिती सांभाळायचा, त्यासाठी. ऑफिसात हे सोपं असतं, तिथे लॉकर असतो, सिक्युरिटी असते. इथे मी कपाट भिंतीपासून ओढून आडवं लावलं, त्याच्यामागे शिवणाच्या मशीनचं टेबल, त्यावर लॅपटॉप, पाठ भिंतीला. कपाटाच्या पलीकडे अम्मा. तिच्या तेंदूच्या पानांचा आणि तंबाखूचा वास इतका की पहिले काही दिवस टीम कॉलवर मला सारखा ठसका लागायचा आणि त्या काळात ठसका लागला की सगळे एकदम गप्प व्हायचे, मग मी सांगायचे कोरोना नाही, घरी तंबाखू आहे.

लॉकडाऊन लागला तसे विडी कारखाने बंद झाले. अम्माला पानं नाहीत, तंबाखू नाही, म्हणजे मजुरी नाही. लूमपण बंद. घरात कमावणारी मी एकटी राहिले. आणि माझंही काम कमी झालं, कारण तिकडे हॉस्पिटलांनी ठरवून करायची ऑपरेशनं पुढे ढकलली, लोक साध्या कारणाला इमर्जन्सीत जायला घाबरायला लागले. १ एप्रिलपासून कोविडचा नवीन कोड आला होता, यू०७.१, तो टाकत टाकत दिवस जायचा. रिपोर्टमध्ये वयं वाचायचे, ५२, ६१, ३८, आणि कपाटाच्या पलीकडे अम्मा मोकळे हात मांडीवर ठेवून बसलेली. ते दिवस मी विसरणार नाही. कंपनीनं तीन महिने पगार १५ टक्के कापला पण पगार आला, दर महिन्याला आला. हे महत्त्वाचं आहे, पुढे सांगते का.

जूनमध्ये हळूहळू विड्या सुरू झाल्या, आणि मग पुढची दोन वर्षं, खरं सांगते, चांगली गेली. पुण्यात वाकडला पीजीत मी आठ हजार भरायचे, डबा वेगळा, वाकड ते हिंजवडी फेज थ्री जायला सकाळी सव्वा तास, पावसात दोन तास. ते सगळं वाचलं. भावाची इंजिनिअरिंगची फी त्यातून गेली. नान्नांच्या डोळ्याचं ऑपरेशन कंपनीच्या ग्रुप इन्शुरन्समधून झालं, आईवडील त्यात कव्हर होते.

त्या दोन वर्षांत एकाच खोलीत बसून मी अम्माचं काम पहिल्यांदा नीट बघितलं. लहानपणी बघितलं होतं पण ते नुसतं डोळ्यांनी. पानं भिजवायची, ओल्या फडक्यात बांधून ठेवायची, पत्र्याचा साचा ठेवून कात्रीनं कापायची, तंबाखू भरून वळायची, तोंड मुडपायचं, दोरा. पंचवीसाचं बंडल. मग कारखान्याच्या ब्रँचला नेऊन द्यायच्या, तिथे चेकर बसलेला, तो बंडल हातात घेऊन दाबून बघतो आणि बारीक, सैल, फाटलेली दिसली की छाट म्हणून बाजूला टाकतो. छाटाची मजुरी नाही. पानं खराब निघाली, कमी पडली तर बाजारातून स्वतःच्या पैशानं आणायची पण हजार पूर्ण करायच्या. आणि माझ्याकडे क्यूए. शंभरातले दहा चार्ट ऑडिटर उघडून बघणार, कोड चुकला तर एरर. लाईट माझी, नेटचं बिल माझं, खुर्ची माझी, इन्व्हर्टर मी हप्त्यानं घेतला कारण सोलापुरात मे महिन्यात बेचाळीस त्रेचाळीस डिग्रीत लाईट गेली की पंखा तर जातोच पण व्हीपीएन, म्हणजे कंपनीच्या सिस्टिमशी असलेलं कनेक्शन, तुटतं आणि लॉगइनचे तास कमी भरतात. अम्मा एकदा म्हणाली, तुला पण पानं विकत आणायला लावतात की गं. मी हसून सोडून दिलं. तेव्हा मला पगार होता ना, महिन्याचा, फिक्स.

मे २०२२ मध्ये एचआरचा कॉल आला. एकेकीला वेगळा कॉल, पंधरा मिनिटांचा. सांगितलं की आपलं युनिट एसईझेडमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, आहे, कोविडची सवलत संपत आलीय, घरून काम कायमचं देता येत नाही, तर १ जुलैपासून आठवड्याचे पाच दिवस ऑफिस. ज्यांना यायचं नाही त्यांना कंपनी सोडत नाहीये उलट चांगला ऑप्शन देतेय, कन्सल्टंट व्हा, घरूनच करा, वेळेचं बंधन नाही, चार्टला २१ रुपये. मी तिथल्या तिथे मनात हिशेब केला. दिवसाला शंभरेक चार्ट, बावीस दिवस, महिन्याला सेहेचाळीस अठ्ठेचाळीस हजार. हातात यायचे सदतीस. आणि नान्नांचं शुगर वाढलेलं, अम्मा एकटी, पुण्याला परत जायचं म्हणजे परत पीजी परत डबा. मी दोन दिवसात हो म्हणलं. (एसईझेडच्या नियमात घरून कामासाठी ४३ए हा नवीन नियम जुलै २०२२ मध्येच आला, निम्म्या लोकांना घरून काम देता येईल असा. म्हणजे मी सही केली त्याच्या पुढच्याच महिन्यात. हे मला सहा महिन्यांनी कळलं आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.)

हो म्हणल्यावर पहिली गोष्ट काय मागितली तर राजीनामा. मी विचारलं राजीनामा कशाला, काम तर तेच आहे, टीम तीच, टीम लीड तोच. म्हणाले प्रोसेस आहे, पेरोलवरून काढून व्हेंडरमध्ये घ्यायचं तर आधी एक्झिट करावी लागते. मेलमध्ये "वैयक्तिक कारणामुळे" असं लिहायला सांगितलं, मी तसंच लिहिलं. आज कुणी मला विचारलं की सगळ्यात मोठी चूक कुठली तर ती दोन शब्दांची ओळ. वैयक्तिक कारण काहीच नव्हतं.

मग अकरा पानांचं अ‍ॅग्रीमेंट आलं. त्यात होतं की दोघांमध्ये मालक नोकर असं नातं नाही. पीएफ, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम), रजा, इन्शुरन्स लागू नाही. कंपनी पंधरा दिवसांच्या नोटीसवर काम थांबवू शकते. आणि त्याच अ‍ॅग्रीमेंटमध्ये पुढे होतं की रोज किमान ९० चार्ट, कंपनीच्याच सिस्टिमवर, पाच मिनिटं माऊस हलला नाही तर आयडल, दुसऱ्या कंपनीचं कोडिंग करायचं नाही, सुट्टी हवी तर तीन दिवस आधी लीडला मेल. मी वाचलं होतं सगळं. वाचलं आणि सही केली, कारण सगळ्या करत होत्या.

अम्मानं एकच विचारलं. पीएफ कोण भरणार? मी म्हणलं आता पीएफ नाही अम्मा, आता सगळा पैसा हातात. ती गप्प बसली. थोड्या वेळानं म्हणाली, घरी बसून काम करतात म्हणून नाही का? मी घरीच बसून केलं की, मला आहे.

पहिले तीन महिने मला वाटत होतं की मीच बरोबर. जुलैचे २३०० चार्ट, ४८,३०० रुपये, त्यातला १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला टॅक्स, गेला तरी ४३,४७० हातात. घरात फ्रीज आला. वेळेचं बंधन नाही म्हणजे काय ते मात्र हळूहळू कळत गेलं. सकाळी लॉगइन केलं तर कधी रांगेत चार्टच नसायचे, दुपारी दोनला यायचे, ते आधी उचलेल त्याचे, मग सगळ्याजणी स्क्रीनवर डोळे लावून बसलेल्या. रात्री अकराला लॉट पडला की अकराला बसायचं. पगारावर असताना काम नसलं तर ते कंपनीचं दुखणं होतं, लीड म्हणायचा ट्रेनिंगचे व्हिडिओ बघा. आता काम नसलं तर ते माझं. जेवताना लॅपटॉप बाजूला उघडा. भाऊ म्हणायचा ताई तू ऑफिसात होतीस तेव्हा घरी तरी असायचीस.

ऑक्टोबरमध्ये आयसीडीचे कोड दरवर्षीप्रमाणे बदलले. १ ऑक्टोबरला नवीन यादी लागू होते, त्याचं ट्रेनिंग आधी ऑफिसच्या वेळात व्हायचं, दोन दिवस. आता ते "तुमच्या सोयीनं करा" झालं, म्हणजे बिनपैशाचं. आणि त्या महिन्यात माझी अचूकता एका आठवड्यात ९४ वर आली. एक टक्का. नियम असा की ९५ च्या खाली गेलं तर त्या आठवड्याचा पूर्ण लॉट परत तपासून द्यायचा आणि तपासायचे पैसे नाहीत, शिवाय एरर निघालेले चार्ट शून्य. ४८० चार्ट मी परत उघडून बघितले, चार रात्री. दोन एरर अशा होत्या की मला आजही वाटतं माझा कोड बरोबर होता, पगारावर असताना आम्ही ऑडिटरशी भांडायचो, गाईडलाईनचं पान काढून दाखवायचो आणि कधी कधी एरर मागेपण घेतली जायची. आता मेल केली तर उत्तर आलं की व्हेंडरसाठी रिबटल, म्हणजे एररवर आक्षेप, नाही. छाट टाकली की टाकली.

डिसेंबरमध्ये तिकडच्या एका हॉस्पिटल ग्रुपचं काम कंपनीकडून गेलं. माझे महिन्याचे चार्ट ११४०. म्हणजे २३,९४० आणि टीडीएस जाऊन २१,५४६. कुणी काही चुकीचं केलं असं नाही, अ‍ॅग्रीमेंटमध्ये कामाची हमी नाहीच असं लिहिलेलं होतं. पण एप्रिल २०२० मध्येही तिकडचं काम असंच आटलं होतं, तेव्हा १५ टक्के कापले होते. आता निम्म्याच्या वर गेले. फरक एवढाच होता की मधल्या काळात माझं नाव एका रजिस्टरमधून दुसऱ्यात गेलं होतं. टेबल तेच, कपाट तेच, कामही तेच.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. घराच्या वर एक खोली काढायची म्हणून बँकेत गेले तर सॅलरी स्लिप विचारली. नाही म्हणलं तर दोन वर्षांचे रिटर्न आणा, व्यवसाय म्हणून भरलेले. माझे एकाही वर्षाचे नव्हते. प्रोफेशन टॅक्स आधी कंपनी कापायची, आता माझं मला एनरोलमेंट काढून वर्षाला २५०० भरावे लागले. पगारदारांना मिळायचा तो टॅक्सचा फॉर्म १६ गेला, त्याऐवजी १६ए. रिटर्न भरायला सीएला पैसे. टीडीएस कापलेला परत मिळाला कारण वर्षाचं उत्पन्न टॅक्स लागेल इतकं नव्हतंच, पण तो पैसा वर्षभर माझ्याकडे नव्हता. ग्रुप इन्शुरन्स ३० जूनलाच संपला, अम्मा आणि नान्नांसाठी वेगळी पॉलिसी घ्यायला गेले तर नान्नांच्या शुगरला चार वर्षं वेटिंग. पंचवीस हजारांच्या घरात हप्ता. या सगळ्याची बेरीज मी मे महिन्यात त्या पंधरा मिनिटांच्या कॉलवर केली नव्हती, केली असती तर २१ रुपये हा भाव किती कमी आहे ते तेव्हाच दिसलं असतं. नुसता पीएफ घेतला तरी माझं बेसिक १८,००० होतं, कंपनीचे महिन्याला २१६० जायचे, माझे तेवढेच.

जानेवारी २०२३ मध्ये अम्माच्या पेन्शनच्या कागदासाठी तिच्याबरोबर युनियन ऑफिसात गेले. अम्मा अठ्ठावन्न पूर्ण झाल्यावर कामावरून निघाली होती. तिला ग्रॅच्युइटी मिळाली, पीएफ मिळाला, आणि महिन्याला पेन्शन चालू झाली. पेन्शन छोटी आहे, हजाराच्या आसपास. पण बँकेत जमा झाल्याचा मेसेज आला की ती मला वाचायला लावते, दर महिन्याला.

तिथे एक म्हातारे काका बसतात, त्यांनी सहज विचारलं मुलगी काय करते. अम्मानं सांगितलं घरी बसून करते, नगावर पैसे, पीएफ नाही. काका म्हणाले, आमचं पण असंच म्हणायचे. आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी नंतर नेटवर स्वतः शोधून वाचलं. १९६६ चा विडी कामगारांचा कायदा होता, त्यात कामगाराची व्याख्या करतानाच लिहिलं होतं की मालकाकडून कच्चा माल घेऊन घरी विडी वळणारा पण कामगार. मालक लोक त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात गेले, १९७४ मध्ये कोर्टानं कायदा उचलून धरला. मग १९७७ मध्ये विडी धंद्याला पीएफ लागू झाला तर परत तेच, घरी काम करणाऱ्या बायका आमच्या कामगार नाहीत, आम्ही त्यांच्यावर लक्ष ठेवत नाही, त्या कधी उठतात कधी बसतात आम्हाला काय माहीत. तेही सुप्रीम कोर्टात गेलं, पी. एम. पटेल अँड सन्स नावाची केस, निकाल १९८५ चा. कोर्ट म्हणालं की घरी काम केल्यानं काही बदलत नाही, आणि वळलेली विडी तपासून नापसंत करायचा हक्क ज्याच्याकडे आहे त्याचा त्या कामावर ताबा आहेच.

मी हे वाचलं तेव्हा कपाटामागे बसले होते आणि समोर क्यूएचा रिपोर्ट उघडा होता. नापसंत करायचा हक्क. चेकरनं छाट काढली म्हणून अम्मा कामगार ठरली आणि तिचा पीएफ भरावा लागला. माझा चार्ट रोज तपासला जातो, शून्य केला जातो, माऊस हलला का तेही बघितलं जातं, आणि मी कन्सल्टंट. माझी अम्मा चौथी शिकलेली आहे. तिच्यासारख्या हजारो बायकांनी मोर्चे काढले, तारखा केल्या, तेव्हा ते कार्ड आलं ज्याची झेरॉक्स लावून मी शिकले, आणि शिकून मी काय केलं तर राजीनाम्यात वैयक्तिक कारण लिहून दिलं. मला कुणी फसवलं असं मी म्हणत नाही. पण घरून काम ही सोय आहे, ती नोकरीची जागा बदलते, नोकरी बदलत नाही, आणि हे दोन वेगळे विषय एका कॉलमध्ये एकत्र बांधून आमच्यापुढे ठेवले गेले याचा मला राग आहे आणि तो अजून गेलेला नाही.

काकांनी दुसरं विचारलं, ग्रॅच्युइटी मिळाली का. मी म्हणलं नाही, पाच वर्षं पूर्ण नव्हती. लागले ७ ऑगस्ट २०१७ ला, सोडलं ३० जून २०२२, सदतीस दिवस कमी. एचआरनं एक्झिटच्या वेळी हेच सांगितलेलं. काका म्हणाले शेवटच्या वर्षात २४० दिवस भरले असले तर वर्ष धरतात, मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे, अर्ज तर कर. पाच दिवसांचा आठवडा असला तर कायद्यात १९० दिवसच आहेत. मला तर अर्ज असतो हेही माहीत नव्हतं, वाटायचं कंपनी देते किंवा देत नाही. फॉर्म आय म्हणून एक पानाचा फॉर्म होता. भरला, १८,००० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ५, म्हणजे ५१,९२३ रुपये, रजिस्टर्ड पोस्टानं कंपनीला पाठवला, मेल पण केली. पहिलं उत्तर नाही असं आलं. मी परत लिहिलं, निकालाचा उल्लेख केला आणि लिहिलं की तीस दिवसांत मिळाले नाहीत तर तक्रारीचा फॉर्म एन भरून पुण्याच्या लेबर ऑफिसात जाईन. भाषा अगदी साधी ठेवली. सव्वीसाव्या दिवशी पैसे खात्यात आले, कसलंही पत्र नाही, नुसते पैसे. आणि पुढच्या आठवड्यात माझ्या रांगेतले चार्ट कमी झाले. दोन्हीचा संबंध होता की नाही मी सिद्ध करू शकत नाही.

तोपर्यंत मी दुसरीकडे बघायला लागलेच होते. पाच इंटरव्ह्यू दिले. आधी मी विचारायचे घरून आहे का, आता पहिला प्रश्न बदलला, पेरोलवर आहे का. तिघांनी कन्सल्टंट म्हणून सांगितलं, चार्टला २३, एकानं २५ सुद्धा. मी नाही म्हणलं, आणि ते नाही म्हणताना पोटात गोळा आला होता कारण त्या महिन्यात हातात एकोणीस हजार आले होते. मार्च २०२३ मध्ये हैदराबादच्या एका कंपनीत मिळाली, पूर्ण वेळ घरून, पेरोलवर, हातात चौतीस हजार. २०२२ च्या पगारापेक्षा कमी. ऑफर लेटरमध्ये पीएफची ओळ बघितली, ग्रॅच्युइटीची बघितली, कामाची जागा म्हणून सोलापूरचा पत्ता लिहून घेतला, त्यासाठी एचआरला तीन मेल कराव्या लागल्या पण लिहून दिलं.

जुना पीएफ मी काढणार होते. डिसेंबरच्या त्या महिन्यात फॉर्म भरायला बसलेपण होते, पोर्टलवर यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, टाकला, ओटीपी आला आणि अम्मा मागे उभी. काढू नको म्हणाली. तिच्याबरोबरच्या कितीतरी जणींनी मधेच लग्नाकार्याला काढला आणि मग पेन्शनला वर्षं भरली नाहीत. पेन्शनला दहा वर्षं सर्व्हिस लागते, ती दोन नोकऱ्या मिळून झाली तरी चालते पण पैसे न काढता ट्रान्सफर करायचे. मी ओटीपी टाकला नाही. नवीन नोकरी लागल्यावर ऑनलाइन ट्रान्सफर टाकली, पहिल्यांदा रिजेक्ट झाली कारण जुन्या कंपनीनं माझी सोडल्याची तारीख भरली नव्हती, ती आधार ओटीपीनं मीच भरली, मग दीड महिन्यात झाली.

आमच्या जुन्या टीममध्ये औश्याची एक मैत्रीण होती, तिनेपण माझ्याबरोबरच सही केली. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिला दिवस गेले. पगारावर असती तर सव्वीस आठवडे पगारी रजा, २०१७ पासून कायद्यात आहे. त्याच कायद्यात हेही आहे की रजा संपल्यावर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालकाशी बोलून घरून काम करता येईल. म्हणजे घरून काम करणारी बाई नोकरीत असते हे कायदा बनवणाऱ्यांना माहीत होतं. तिला एक दिवसही मिळाला नाही. नवव्या महिन्यापर्यंत चार्ट केले, पोरगी झाल्यावर एकविसाव्या दिवशी परत लॉगइन, मांडीवर बाळ. मी तिला फोनवर ओरडले, ती म्हणाली ९० च्या खाली गेले तर आयडी बंद करतील.

तिची सर्व्हिस माझ्यापेक्षा जास्त होती, साडेपाच वर्षं, म्हणजे तिच्या ग्रॅच्युइटीत कुठलीच पळवाट नव्हती, तरी तिला कुणी सांगितलं नाही आणि तिनं मागितली नाही. मी तिला फॉर्म आय पाठवला, भरून दिला फोनवरच, ओळ ओळ सांगत. तिला अजून नाहीच म्हणतायत, उशीर झाला म्हणून. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. मागच्या महिन्यात तिनं फॉर्म एन टाकला आणि पुण्याची तारीख मिळालीय. पोरगी लहान आहे, एकटी कशी जाणार, म्हणून मी एक दिवसाची रजा टाकलीय. पगारी रजा. औश्याहून ती सोलापूरला येईल, रात्री आमच्याकडे मुक्काम, पोरीला अम्मा सांभाळणार, आणि सकाळच्या गाडीनं आम्ही दोघी पुण्याला.